काकांना बाजूला करू, की त्या मुलाला?

नमस्कार. मी इंदूरला विजयनगर भागातल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे. आम्ही सात जण आहोत. धान्य व्यापाऱ्यांसाठी आमची एक जुनी सिस्टम आहे. मंडीतून माल आला की तौल पर्चीची (वजनाच्या चिठ्ठीची) नोंद, ओलाव्याची कपात, हम्माली-तुलाईचा (हमाली आणि वजन करण्याच्या खर्चाचा) हिशेब आणि शेवटी शेतकऱ्याला द्यायची रक्कम, हे सगळं त्यात होतं. ती सोयाबीनच्या हंगामाआधी नव्याने उभी करायची आहे.

आमच्यातले सर्वांत जुने सहकारी मराठीच आहेत, बाबांच्या ओळखीतले. घरी मी त्यांना काका म्हणते, ऑफिसात सर. मूळ सिस्टम त्यांनीच लिहिली. त्यांचं म्हणणं असं, की आधी सगळे नियम लिहून काढू आणि आहे तीच एकेक भाग घेऊन नीट करू. दुसरा एक मुलगा पुण्यातली नोकरी सोडून गेल्या वर्षी घरी परत आलाय. फार हुशार आहे. त्याला सगळं मुळापासून नवं हवंय. मीटिंगमध्ये दोघांची जुंपते, बाकीचे खाली बघत बसतात, आणि काहीच ठरत नाही. टेस्टिंग करणारी मुलगी मीटिंगमध्ये एक शब्द बोलत नाही आणि रात्री अकराला लांबलचक मेल पाठवते.

मध्यंतरी एचआरने सगळ्यांची एक चाचणी घेतली. प्रत्येकाला एक रंग मिळाला. तेव्हापासून 'ते निळे आहेत, त्यांना नवीन झेपणार नाही' अशी भाषा सुरू झाली. परवा काका क्लायंटसमोर त्या मुलाच्या डिझाइनला 'पोरखेळ' म्हणाले. त्यानेही ग्रुपवर त्यांच्या जुन्या कोडची खिल्ली उडवली. मालक म्हणतात, सगळ्यांना एका लाइनीत आणा. काम तीन आठवडे मागे आहे. दोघांपैकी एकाला दुसऱ्या प्रोजेक्टवर पाठवू, की टीमचे दोन भाग करू?

– एक वाचक, इंदूर

*

नमस्कार,

कोणालाही पाठवू नका. निदान हा हंगाम पार पडेपर्यंत तरी नाही. टीमचे दोन भागही करू नका. कारणं पुढे सांगते, पण तुम्हाला उद्या सकाळी ऑफिसात जायचंय, म्हणून उत्तर आधी दिलं.

तुमच्या पत्रातून मला दिसतं ते असं, की काका आणि तो मुलगा एकाच प्रश्नाची दोन उत्तरं देत नाहीयेत. त्यांच्या डोक्यातले प्रश्नच वेगळे आहेत. काकांना रात्री झोप लागत नसेल तर ती या विचाराने, की नव्या सिस्टममध्ये एखादा नियम सुटला आणि ट्रॉली घेऊन आलेल्या शेतकऱ्याच्या हातात कमी पैसे पडले तर काय. मध्य प्रदेशातल्या मंडीत माल विकला की त्याच दिवशी पैसे चुकते करायचे असतात. तिथे 'पुढच्या आठवड्यात दुरुस्त करू' चालत नाही. त्या मुलाला सतावतंय ते वेगळं. ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यात भावांतर भुगतान योजना, म्हणजे हमीभाव आणि बाजारभावातला फरक सरकारने शेतकऱ्याला देण्याची योजना आली, तेव्हा मंडीतल्या नोंदींना ऐन हंगामात नवं वळण लागलं. २०२५ मध्ये सोयाबीनसाठी भावांतर पुन्हा आली. सरकारी खरेदीत सोयाबीनला १२ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, पण २०२४ च्या खरिपात केंद्राने ती मर्यादा त्या हंगामापुरती १५ टक्क्यांवर नेली. असा प्रत्येक बदल जुन्या कोडमध्ये किती ठिकाणी हात घालून करावा लागतो, ते त्याने या वर्षभरात पाहिलं असणार. काकांना आजचा हिशेब चुकण्याची भीती आहे, त्याला उद्याचा नियम बसवता न येण्याची. दोन्ही भीती खऱ्या आहेत आणि तुमच्या सिस्टमला दोन्हींचा बंदोबस्त हवा आहे.

मायकेल कर्टन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९७६ साली माणसांच्या या फरकाबद्दल एक मांडणी केली. ती मला आजही कामाची वाटते. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: अडचण समोर आली की काही माणसं आहे त्या चौकटीत राहून ती सुधारत नेतात, आणि काही माणसं चौकटच हलवून बघतात. मध्ये सलग पट्टी आहे आणि बहुतेक लोक तिच्या मधल्या भागात कुठेतरी असतात. त्याच्या प्रश्नावलीत ३२ प्रश्न आहेत आणि गुण ३२ पासून १६० पर्यंत पडू शकतात. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की कर्टनने ढब आणि कुवत या दोन गोष्टी स्पष्टपणे वेगळ्या ठेवल्या. पट्टीच्या कुठल्याही टोकाचा माणूस अतिशय सक्षम असू शकतो, आणि कुठल्याही टोकाचा माणूस कामात कच्चा असू शकतो. 'त्यांना नवीन झेपणार नाही' हे तुमच्या ऑफिसात बोललं जाणारं वाक्य नेमकं इथेच चुकतं. काकांना नवीन करायची ढब नसेल. त्याचा अर्थ त्यांना ते जमत नाही असा होत नाही. ज्या माणसाने ही सिस्टम कोऱ्या पानावरून लिहिली, त्याला नवं जमत नाही असं म्हणणाऱ्याने ती सिस्टम उघडूनच पाहिलेली नाही.

दुसरी गोष्टही त्याच मांडणीतली आहे. दोन टोकांची माणसं एकमेकांकडे पाहतात तेव्हा त्यांना ढब दिसत नाही, दोष दिसतो. सुधारणाऱ्याला चौकट हलवणारा उथळ, बेभरवशाचा आणि दुसऱ्याच्या कष्टांची किंमत नसलेला वाटतो. चौकट हलवणाऱ्याला सुधारणारा घाबरट आणि जुन्याला चिकटून बसलेला वाटतो. अंतर जितकं जास्त, तितका हा गैरसमज दाट. 'पोरखेळ' हा शब्द आणि ग्रुपवरची खिल्ली, दोन्ही या एकाच ठिकाणाहून आल्या आहेत.

त्या रंगांचं मात्र मनावर घेऊ नका, आणि टीमलाही घेऊ देऊ नका. माणसांना चार-पाच खणांत टाकणाऱ्या चाचण्यांची अडचण अशी, की पट्टीच्या मध्यावर उभी असलेली दोन जवळजवळ सारखी माणसं दोन वेगळ्या खणांत पडतात, आणि तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचा खण बदलतो. बोलायला विषय मिळावा म्हणून एखादी दुपार ठीक आहे. पण जिच्यावरून कोणाला कुठलं काम द्यायचं किंवा द्यायचं नाही हे ठरतं, ती चाचणी नुकसान करते. एचआरला विनंती करा की ते निकाल टीमच्या पानावरून काढून टाका. टीमला सांगा, की यापुढे मीटिंगमध्ये रंगाचं नाव घेऊन कोणाबद्दल बोलायचं नाही. हे ठामपणे सांगा, कारण एकदा का माणसाला बिल्ला लागला की तो काय म्हणतोय हे ऐकणंच थांबतं.

आता, दोन्ही प्रकारची माणसं एका टीममध्ये का लागतात, हे नुसतं 'विविधता चांगली' म्हणून पटत नाही. म्हणून एक घडलेली गोष्ट सांगते. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकेतल्या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीने साधारण पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून जास्त रक्कम गमावली. झालं होतं असं: वर्षानुवर्षं न वापरलेल्या एका भागाचा कोड सर्व्हरवर तसाच पडून होता. तो भाग चालू करणारी जी खूण होती, तीच नव्या कामासाठी पुन्हा वापरली गेली. नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता, पण एकावर तो चढलाच नाही. चढवणाऱ्याचं काम दुसऱ्या कोणी तपासावं अशी पद्धतही नव्हती. बाजार उघडताच त्या आठव्या सर्व्हरवरचा जुना भाग जागा झाला आणि धडाधड खरेदी-विक्री करत सुटला.

या घटनेत तुमचे काका आणि तो मुलगा दोघंही हवे होते, असं मला नेहमी वाटतं. मेलेला कोड अंगणात ठेवू नका, आजच काढून टाका, असा हट्ट त्या मुलाने धरला असता. आठही सर्व्हरची यादी करून प्रत्येकासमोर खूण झाल्याशिवाय काकांनी कोणाला घरी जाऊ दिलं नसतं. दोघांपैकी एकाचंही ऐकलं गेलं असतं, तर कंपनी वाचली असती. आणि तुमच्या टेस्टिंगवाल्या मुलीसाठी यात आणखी एक गोष्ट आहे. बाजार उघडण्याआधी त्या सकाळी कंपनीच्या यंत्रणेने आपल्याच लोकांना ९७ मेल पाठवले होते, त्यात बिघाडाचा उल्लेख होता. कोणी त्यावर काही केलं नाही. तिचे रात्री अकराचे मेल तुम्ही सगळे सकाळी नीट वाचता का? वाचत नसाल, तर हे पत्र बाजूला ठेवून आधी गेल्या महिन्याचे तिचे मेल वाचा. 'मीटिंगमध्ये काहीच ठरत नाही' म्हणता त्यातल्या निम्म्या गोष्टींची उत्तरं तिथे पडलेली असू शकतात.

टीमचे दोन भाग का करू नयेत, ते आता सांगते. मेल्विन कॉनवे या प्रोग्रॅमरने १९६८ साली लिहिलेलं एक निरीक्षण आमच्या व्यवसायात आजही खरं ठरतं: जी संस्था सिस्टम बनवते, तिच्यातल्या लोकांच्या एकमेकांशी बोलण्याचा नकाशाच त्या सिस्टममध्ये उतरतो. काका तौल आणि कपात करणार, तो मुलगा पेमेंट आणि रिपोर्ट करणार, आणि दोघं एकमेकांशी बोलणार नाहीत अशी व्यवस्था केलीत, तर तौल पर्चीपासून भुगतान पत्रकापर्यंतच्या वाटेत नेमकी तिथेच भेग पडेल. एकाकडे क्विंटलमध्ये आकडा असेल, दुसरा किलो समजून घेईल. ही अतिशयोक्ती नाही. सप्टेंबर १९९९ मध्ये नासाचं मंगळाकडे गेलेलं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान असंच गेलं. एका गटाच्या सॉफ्टवेअरने पौंडातली एककं दिली आणि दुसऱ्याने ती मेट्रिक धरली. माणसांमधला अबोला सिस्टममध्ये चूक होऊन बसतो, आणि अबोल्याची चूक कुठल्याच एका माणसाच्या कोडमध्ये सापडत नाही.

मग करायचं काय? मीटिंगमधला 'जुनं की नवं' हा वाद आधी बंद करा. तो सुटणारच नाही, कारण तो फार मोठा आहे आणि त्यात दोघांचा मान अडकलाय. त्याऐवजी समोरच्या निर्णयांची वाटणी करा. एकीकडे असे निर्णय, जे चुकले तर मागे फिरणं महाग पडेल: रकमेचा हिशेब, कपातीचं सूत्र, जुन्या नोंदी नव्या सिस्टममध्ये आणणं. दुसरीकडे असे, जे चुकले तर दोन दिवसांत बदलता येतील: स्क्रीनची मांडणी, रिपोर्टचे रकाने, कुठली लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरायची. पहिल्या प्रकारात शेवटचा शब्द काकांचा, दुसऱ्यात त्या मुलाचा. दोघांनीही दुसऱ्याचं म्हणणं ऐकायचंय, आक्षेप नोंदवायचाय, पण ठरवणार कोण हे आधीच माहीत असलं की मीटिंगमधली निम्मी जुंपाजुंपी आपोआप थांबते. काही निर्णय दोन्हींच्या मध्ये येतील. ते तुमचे. ते तुम्हीच घ्यायचे, मतदान घ्यायचं नाही.

'मुळापासून नवं' की 'आहे तेच नीट', याला एक मधली वाट आहे आणि ती तडजोड म्हणून सांगत नाहीये. जुनी सिस्टम चालू ठेवायची, तिच्या भोवती नवी उभी करायची आणि एकेक काम नव्याकडे सोपवत न्यायचं, शेवटी जुनीकडे काही उरत नाही. मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये या पद्धतीला स्ट्रँगलर हे नाव दिलं. तुमच्या त्या मुलाला ती नक्की माहीत असेल. त्याला नवी रचना मिळते, काकांना प्रत्येक टप्प्यावर पाय टेकायला जमीन मिळते. हंगामाच्या तोंडावर सगळं एकदम बदलणं मला कुठल्याही परिस्थितीत मान्य नाही, हे तुम्ही त्याला माझ्या नावाने सांगितलंत तरी चालेल.

आणि आता ज्या एका कामावर तुम्ही या आठवड्यात सगळा जोर लावावा असं मला वाटतं, ते. गेल्या हंगामाच्या सगळ्या तौल पर्च्या तुमच्याकडे आहेत. त्या जुन्या हिशेबातून आणि नव्या हिशेबातून, दोन्हींतून चालवा, आणि शेतकऱ्याला द्यायची रक्कम ओळीला ओळ लावून ताडून पाहा. जिथे फरक येईल तिथे थांबा. हे काम काका आणि त्या मुलाला एकत्र द्या, एका टेबलावर, एका स्क्रीनसमोर. तिसरी ती टेस्टिंगवाली मुलगी, आणि फरकांची यादी तिच्या ताब्यात.

यातून काय होईल ते सांगते. जिथे जिथे फरक निघेल तिथे एक तर काकांच्या डोक्यात असलेला पण कुठेच न लिहिलेला नियम सापडेल, नाही तर जुन्या कोडमधली वर्षानुवर्षांची चूक सापडेल. पहिल्या वेळी त्या मुलाला कळेल की काका 'आधी सगळं लिहून काढू' असं का म्हणत होते. अमुक व्यापाऱ्याकडे पावसात भिजलेल्या मालाला वेगळी कपात लागते, तुलावटीचे (माल तोलणाऱ्याचे) पैसे कोण भरतो यावर एक अपवाद आहे, असं काय काय. हे ज्ञान कोडमध्ये एखाद्या विचित्र अटीच्या रूपात लपलेलं असतं, आणि नवा माणूस तिला घाण समजून पुसून टाकतो. दुसऱ्या वेळी काकांना, कोणी चारचौघांत न सांगता, आकड्यांमधून दिसेल की जुन्यात दुरुस्तीची गरज खरोखर आहे. 'तुमचं चुकलं' हे वाक्य कोणालाच उच्चारावं लागत नाही. वाद माणसांवरून पर्चीवर येतो. माझ्या पाहण्यातल्या टीमना जोडणारी गोष्ट बहुतेक वेळा अशीच असते: दोघांनाही एकाच वेळी दिसणारा, दोघांपैकी कोणाचाही नसलेला पुरावा.

मीटिंगची रीतही बदला. सध्या जो लवकर आणि जोरात बोलतो त्याच्या मताला वजन येतंय. डील आणि स्ट्रोबे या दोन संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवलं, की एकत्र बसून कल्पना काढणाऱ्या गटापेक्षा तितकीच माणसं वेगवेगळी बसून लिहितात तेव्हा जास्त कल्पना निघतात. मोठं कारण साधं आहे: दुसरा बोलत असताना आपण वाट पाहत बसतो, आणि तेवढ्यात आपला विचार विरून जातो. म्हणून प्रश्न आदल्या दिवशी लेखी पाठवा. मीटिंगची पहिली दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही, प्रत्येकाने आपलं म्हणणं चार ओळींत लिहायचं. मग वाचताना सर्वांत कमी बोलणाऱ्यापासून सुरुवात, काका आणि तो मुलगा शेवटी. तुमच्या टेस्टिंगवाल्या मुलीला बहुधा विचार करायला वेळ लागतो आणि तो वेळ ती रात्री अकराला काढते. तिला तो दुपारी द्या. ठरलं ते एका पानावर: काय ठरवलं, का, कुठला पर्याय सोडला आणि कशासाठी सोडला. सोडलेल्या पर्यायाचं कारण लिहून ठेवलं की तो मुलगा तोच विषय दर आठवड्याला उकरत नाही, आणि काकांना जे लेखी हवं असतं ते मिळतं.

एक सावधगिरी. ती मुलगी गप्प बसते हा तिचा स्वभावच आहे असं धरून चालू नका. तिने आधी कधी काही सांगितलं होतं आणि कोणी तोडलं होतं का, हे तिला एकटीला भेटून विचारा. एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या आढळल्या. चुका जास्त होत नव्हत्या. चूक सांगण्याची भीती कमी होती. तुमच्या टीममध्ये टेस्टिंगच्या नोंदी कमी येत असतील, तर त्यावर खूश होऊ नका.

भांडणाबद्दल स्पष्ट बोलते. कामावरून मतभेद असले की काम चांगलं होतं, असं व्यवस्थापनात फार सहज म्हटलं जातं. २००३ मध्ये डी ड्रू आणि वाइनगार्ट यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा कामावरचे वाद आणि माणसांवरचे वाद, दोन्ही टीमच्या कामगिरीला मारक निघाले. पुढे २०१२ मध्ये झालेल्या अशाच मोठ्या पाहणीतून चित्र जरा स्पष्ट झालं: कामावरचा वाद माणसावर घसरला नाही, तरच त्याचा फायदा होण्याची शक्यता असते. तुमच्याकडे तो घसरलाय. 'पोरखेळ' आणि ग्रुपवरची खिल्ली यांना विचारांची ढब म्हणून माफी देऊ नका. ढब वेगळी असणं आणि दुसऱ्याचा अपमान करणं यांचा काही संबंध नाही. दोघांनाही, वेगवेगळं आणि बंद दाराआड, या आठवड्यातच सांगा.

त्या मुलाशी बोलणं सोपं आहे. त्याला सांगा: "तुझ्या डिझाइनमधलं मला बरंच आवडलंय आणि ते होणार आहे. पण ज्या कोडला तू ग्रुपवर हसलास, त्यावर गेली कित्येक वर्षं शेतकऱ्यांचे पैसे बरोबर निघालेत. ग्रुपवरचा तो मेसेज काढ आणि सरांशी जाऊन बोल." त्याला जास्त समजावत बसू नका. पुण्याहून परत येणं त्यालाही सोपं गेलं नसणार. तिथल्या मोठ्या टीममध्ये जे बोलणं खपून जायचं, ते इथे जिव्हारी लागतं, हे त्याला कोणी सांगितलेलं नसेल.

काकांचं अवघड आहे, आणि तुमच्या पत्रात तुम्ही ते ओझरतं लिहून पुढे गेलात. ज्यांच्या पाया पडत मोठे झालो त्यांना ऑफिसात थांबवायचं कसं? आपल्या इंदूरच्या मराठी घरांत ओळखी पिढ्यान्‌पिढ्यांच्या असतात. गणपतीत भेटतात, सानंद संस्थेच्या नाटकाला शेजारच्या खुर्चीत बसतात, कुठल्याही लग्नात समोर येतात. त्यामुळे तुम्ही त्यांच्यासमोर लीड म्हणून कधी उभ्याच राहिला नसाल, आणि त्यांनीही तुम्हाला तसं कधी पाहिलं नसेल. म्हणून बाबांकरवी काही सांगू नका. ते करावंसं वाटेल, पण त्याने तुमची जागा कायमची जाईल. त्यांच्या घरीही जाऊ नका, कारण तिथे तुम्ही पुन्हा पुतणी होता. ऑफिसातच, दुपारच्या चहाआधी, त्यांना वेळ मागा आणि म्हणा: "सर, या सिस्टममधलं तुम्हाला जे माहीत आहे ते दुसऱ्या कोणालाच माहीत नाही. ते नव्यात सुखरूप उतरवायची जबाबदारी मला तुमच्याकडे द्यायची आहे, आणि हिशेबाच्या बाबतीत तुमचा शब्द शेवटचा राहील. पण क्लायंटसमोर आपल्या टीममधल्या मुलाला तसं म्हटलेलं मला चालणार नाही. आक्षेप असेल तर आधी मला सांगा." एवढंच. माफी मागत बोलू नका, आणि वाक्य लांबवू नका. ते थोडे दुखावतील. दोन दिवस कमी बोलतीलही. तरी मला वाटतं त्यांना यात दिलासाही मिळेल, कारण 'सगळं नवं करू' या घोषणेत त्यांना स्वतःला बाजूला पडताना दिसत असणार. आपण लिहिलेलं काम दुसरा पुसायला निघालाय, हे पाहणं फार जड असतं. त्यांच्या रागाच्या तळाशी मला ते दिसतं.

तुमच्या स्वतःबद्दल. कर्टनने अशा टीममध्ये मधल्या जागी असलेल्या माणसाचंही वर्णन केलंय, जो दोन्हीकडच्यांना एकमेकांचं म्हणणं कळेल असं पोचवू शकतो. पत्रावरून तुम्ही तशा वाटता, दोघांची बाजू तुम्ही सारख्याच आपुलकीने लिहिली आहे. पण तिथे उभं राहणं थकवतं. आपल्या ढबीच्या बाहेर जाऊन वागणं कोणालाही जमतं, पण त्याला जोर लागतो आणि तो जोर दिवसभर पुरत नाही. हे त्या दोघांनाही लागू आहे: काकांकडून रोज धाडसाची आणि त्या मुलाकडून रोज बारीक तपासणीची अपेक्षा ठेवू नका. लागेल तेव्हा, ठरावीक वेळेपुरती ठेवा. आणि तुम्ही दिवसभर दोघांमधला निरोप्या होऊ नका. समोरासमोर बसवून द्या आणि उठून आपल्या कामाला लागा.

मालकांचं राहिलं. 'एका लाइनीत आणा' म्हणतात तेव्हा त्यांना खरं म्हणजे तारीख हवी असते, म्हणून त्यांच्याशी स्वभावांबद्दल चर्चा करू नका. त्यांच्यासमोर एक कागद ठेवा: हंगामाआधी कुठले भाग नव्यावर जातील, कुठले या वर्षी जुन्यावरच राहतील, आणि गेल्या हंगामाच्या पर्च्यांवर दोन्ही हिशेब जुळल्याशिवाय काहीही चालू होणार नाही. रिपोर्ट आणि स्क्रीन आधी न्या, रकमेचा हिशेब शेवटी. नवी माणसं देऊ का असं ते विचारतील. नाही म्हणा. मागे पडलेल्या कामात ऐन वेळी आलेल्या माणसाला शिकवायला काकांचाच वेळ जाईल, आणि तो तुम्हाला पर्च्यांवर हवा आहे.

हंगाम संपल्यावर, दिवाळीनंतर, दोघांना पुन्हा विचारा की पुढचं काम त्यांना एकत्र करायचंय का. तेव्हा त्यांच्यापैकी कोणी वेगळं मागितलं, तर जरूर द्या.